चाळीस कोटी वेळा उघडमीट

मिनिटाला 72 ठोके धरले, तर माणसाचं हृदय दिवसाला 1,03,680 वेळा आकुंचन पावतं. वर्षाचा हिशेब 3 कोटी 78 लाखांच्या घरात जातो. प्रत्येक ठोक्याला हृदयातल्या चार झडपा एकदा उघडतात, एकदा मिटतात. रक्त पुढे जातं, मागे फिरत नाही. या झडपांच्या पाकळ्या जेमतेम मिलिमीटरभर जाड असतात. त्यांना सुट्टी नाही आणि दुरुस्तीसाठी काम थांबवण्याची सोयही नाही. सत्तर-ऐंशी वर्षं हे चालू राहतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या देशात ही झडप बिघडण्याचं एक मोठं कारण बालपणात दडलेलं असतं. घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात, चार दिवसांनी मूल पुन्हा खेळायला लागतं. पण घशातल्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. मग पंचविशी-तिशीत जिना चढताना धाप लागते आणि डॉक्टर सांगतात, ‘व्हॉल्व्ह बदलावा लागेल.’

बदलून काय बसवायचं? धातूची एक कडी, तिच्यात हलणारी चकती किंवा पाकळ्या, भोवती टाके घालण्यासाठी कापडाची किनार. व्यास दोन-तीन सेंटिमीटर. दिसायला इतकी साधी वस्तू, पण तिने झिजायचं नाही, रक्ताची गाठ धरायची नाही, तांबड्या पेशी चिरडायच्या नाहीत आणि कधीच मोडायचं नाही. अशा धातूच्या किंवा कार्बनच्या झडपेने प्रयोगशाळेत 40 कोटी वेळा उघडमीट करून दाखवली पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे साधारण साडेदहा वर्षांचे ठोके. यंत्रावर सेकंदाला वीस वेळा उघडमीट करवली, तरी रात्रंदिवस साडेसात महिने लागतात.

मला खरं अप्रूप वाटतं ते या चाचणीमागच्या माणसांचं. झडप कुठे मोडेल, कशी मोडेल, काय झिजेल, हे आधी ओळखणारा माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. झडपेची कल्पना ज्याला सुचली तोही नसतो. तो कुठल्या तरी भलत्याच धंद्यातून आलेला असतो. कुणी पंप बनवलेले असतात, कुणी अणुभट्टीत काम केलेलं असतं, कुणाचं आयुष्य वेल्डिंगच्या सांध्यांकडे सूक्ष्मदर्शकातून बघण्यात गेलेलं असतं. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या आज अशा माणसांना कन्सल्टंट म्हणून रीतसर बोलावतात, त्यांच्या तासांचे पैसे मोजतात. पण हा व्यवसाय रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हृदयाची झडप अशाच परक्या जाणकारांच्या हातून घडत आली आहे.

1958 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, साठीला आलेला एक इंजिनिअर बत्तीस वर्षांच्या एका सर्जनला भेटायला गेला. इंजिनिअर लोवेल एडवर्ड्‌स, सर्जन आल्बर्ट स्टार. एडवर्ड्‌सची सगळी हयात द्रवपदार्थ आणि पंप यांत गेली होती. ओंडक्यांची साल पाण्याच्या झोताने सोलणारी यंत्रणा त्याच्या नावावर होती. दुसऱ्या महायुद्धात विमानं उंचावर गेली की इंधनाचा पुरवठा तुटू नये, म्हणून लागणारा पंपही त्याचाच. साठाहून अधिक पेटंटं मिळवलेला हा माणूस किशोरवयात स्वतः त्या सांध्यांच्या तापातून गेला होता. निवृत्तीच्या वयात त्याला एकच ध्यास होता: कृत्रिम हृदय बनवायचं. स्टारने त्याला सांगितलं, अख्खं हृदय नको, आधी एक झडप करून बघू.

पहिले प्रयत्न निसर्गाची नक्कल करणारे होते. मऊ पाकळ्यांची झडप केली, कुत्र्यांना बसवली आणि काही दिवसांतच कुत्री दगावू लागली. शिवणीजवळ रक्ताची गाठ धरायची, ती वाढत वाढत पाकळीवर यायची आणि पाकळी जखडून जायची. इथे पंपवाल्याची नजर कामी आली. जी वस्तू कशालाच जोडलेली नाही, तिच्यावर गाठ चढणार कुठून? पिंजऱ्यात मोकळा फिरणारा चेंडू ठेवायचा. दाब आला की तो उचलला जातो, दाब सरला की भोकावर येऊन बसतो. ही युक्ती बाटलीच्या बुचासाठी 1858 सालीच पेटंट झालेली होती. पिंजरा आणि सिलिकोन रबराचा चेंडू अशी झडप तयार झाली. कुठल्याही अंगाने ती निसर्गातल्या झडपेसारखी दिसत नव्हती, आणि स्टारने ती स्वीकारली. शरीरशास्त्र कोळून प्यायलेल्या सर्जनला असं विजोड यंत्र माणसाच्या हृदयात ठेवायला तयार होणं सोपं गेलं नसणार.

25 ऑगस्ट 1960 रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाला बसवली. झडप व्यवस्थित चालत होती, पण हृदयात राहिलेल्या हवेच्या बुडबुड्याने काही तासांत रुग्ण दगावला. 21 सप्टेंबरला दुसरी शस्त्रक्रिया झाली, 52 वर्षांच्या एका गृहस्थावर. ते पुढे दहा वर्षं जगले आणि घर रंगवताना शिडीवरून पडून गेले. हृदयाने दगा दिला नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर पंपाची जाण पुरेशी ठरली असती. पण काही वर्षांनी महाधमनीच्या जागी बसवलेल्या झडपांतले चेंडू बिघडू लागले. पिवळे पडले, फुगले, काहींना चिरा गेल्या. फुगलेला चेंडू पिंजऱ्यात अडकतो आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. कारण शोधता शोधता कळलं की रक्तातले स्निग्ध पदार्थ सिलिकोनमध्ये मुरत होते. इंधनाच्या पंपात असा प्रश्न आलाच नव्हता, म्हणून पंपाच्या जाणकाराला तो दिसण्याचा संभव नव्हता. तो सोडवला रबराच्या रसायनशास्त्राने. रबर पक्कं करण्याची प्रक्रिया बदलली, 1960 च्या दशकाच्या मध्यानंतरचे चेंडू टिकू लागले. एका जाणकाराची नजर जिथे संपते तिथे दुसरा लागतो, आणि तो वेळेवर आला नाही तर किंमत रुग्ण मोजतो. या क्षेत्राचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सान डिएगोमध्ये जनरल अ‍ॅटॉमिक या कंपनीत जॅक बोक्रोस नावाचा तज्ज्ञ अणुभट्टीच्या इंधनावर काम करत होता. इंधनाचे बारीक कण कार्बनच्या कवचात बंद करायचे, म्हणजे प्रचंड उष्णतेतही आतले किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडणार नाहीत. हे कवच चढवण्याची रीत विलक्षण आहे. हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत वायूच्या झोतावर कण तरंगत ठेवतात, त्यात हायड्रोकार्बन वायू सोडतात. वायूचे रेणू फुटतात आणि कार्बन थराथराने कणांवर बसतो. हा कार्बन कठीण, गुळगुळीत आणि कमालीचा चिवट असतो. इकडे व्हिन्सेंट गॉट नावाचे हृदयशल्यविशारद वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. कोणत्या पृष्ठभागावर रक्त गोठत नाही, हे ते शोधत होते. वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या कड्या कुत्र्याच्या मोठ्या शिरेत बसवायच्या आणि कुठली मोकळी राहते ते बघायचं. ग्रॅफाइटवर त्यांना आशा वाटत होती. बोक्रोसच्या वाचनात हे काम आलं आणि त्याने गॉटना आपला कार्बन देऊ केला. त्या कड्या मोकळ्या राहिल्या.

अणुभट्टीसाठी घडवलेला पदार्थ रक्ताला परका वाटत नाही, हे कुठल्याही समीकरणातून आधी कुणी सांगू शकलं नसतं. त्यात झीज कमी व्हावी म्हणून थोडं सिलिकॉन मिसळलं गेलं, आणि 1968 पासून तो झडपांत वापरला जाऊ लागला. 3 ऑक्टोबर 1977 रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सेंट ज्यूड कंपनीची झडप पहिल्यांदा बसवली गेली. अर्धवर्तुळाकार दोन पाकळ्या, सगळा पृष्ठभाग याच कार्बनचा. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक यांत्रिक झडपा याच घराण्यातल्या आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला अशी झडप बसवलेली असेल, तर रात्री सगळं शांत झाल्यावर तिची बारीक टिकटिक ऐकू येण्याचा संभव आहे. तो अणुभट्टीतल्या कार्बनचा आवाज आहे.

पॅरिसमध्ये आलें कार्पांतिए या सर्जनने उलटी वाट धरली. त्याला डुकराच्या झडपा माणसाला बसवायच्या होत्या, पण शरीर त्या टिकू देत नव्हतं. जाणकार बाहेरून बोलावण्याऐवजी तो स्वतःच रसायनशास्त्र शिकायला गेला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्याने ग्लुटाराल्डिहाइडचा उपाय काढला. चामडं कमावण्याच्या उद्योगाला हे रसायन ठाऊक होतं. अशा झडपा बसवलेल्या बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत नाहीत.

आता एक दुखरी गोष्ट. ती टाळली तर या माणसांच्या कामाचं मोल कळणार नाही.

स्वीडनचे सर्जन व्हायकिंग ब्यर्क आणि कॅलिफोर्नियाचे इंजिनिअर डोनाल्ड शायली यांनी 1969 मध्ये कलती चकती असलेली झडप आणली. ती चांगली चालली. रक्ताचा प्रवाह आणखी मोकळा व्हावा, म्हणून 1979 च्या सुमारास तिचं एक सुधारित रूप आलं, एका बाजूने फुगीर आणि दुसरीकडून खोलगट चकतीचं. चकतीला जागेवर धरायला धातूचे दोन कमानीसारखे आधार होते. त्यातला एक कडीच्याच धातूतून घडवलेला होता. दुसरा वेल्ड करून जोडलेला. या दुसऱ्या आधाराचे पाय मोडू लागले. दोन्ही पाय मोडले की चकती निसटून रक्तात वाहून जायची, आणि मग शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायलाही फार थोडा वेळ उरायचा. जगभरात अशा सुमारे 86,000 झडपा बसवल्या गेल्या होत्या. शेकडो मोडल्या. 1986 मध्ये त्या बाजारातून काढून घेतल्या गेल्या.

नेमकं काय होत होतं, हे शोधण्याचं काम धातूच्या थकव्याचे अभ्यासक, कंपनांचे अभ्यासक, एक्स-रे प्रतिमांचे जाणकार अशा कितीतरी लोकांनी केलं. धातूलाही थकवा येतो. एका झटक्यात ज्या जोराने तार तुटणार नाही, तोच जोर कोटी वेळा लावला तर तुटते, आणि तुटायची सुरुवात जिथे आधीच बारीक दोष आहे तिथून होते. या झडपेत चकती मिटताना कधीकधी जरा जास्त फिरायची आणि तिची कड आधाराच्या टोकावर क्षणभर आदळायची. सेकंदाचा एक बारीक अंश, पण त्या क्षणी वेल्डच्या पायाशी येणारा ताण हिशेबात धरलेल्या ताणापेक्षा पुष्कळ जास्त असायचा. पुढच्या रूपात कंपनीने वेल्ड काढूनच टाकला आणि अख्खी कडी आधारासकट धातूच्या एका ठोकळ्यातून कोरली. ती मोडली नाही. वेल्डमध्ये दोष राहू शकतो, हे 1979 मध्ये जहाजं आणि पूल बांधणाऱ्या कुठल्याही जाणकाराला माहीत होतं.

याच काळात तिरुअनंतपुरममध्ये एक भारतीय सर्जन त्याच प्रश्नाशी झुंजत होते. डॉ. एम. एस. वलियाथन परदेशातलं शिक्षण आटोपून परतले आणि 1974 मध्ये श्री चित्रा तिरुनाल संस्थेत रुजू झाले. दारात झडपा खराब झालेल्या तरुण रुग्णांची रांग, आणि परदेशी झडपेची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर. झडप इथेच बनवायची, असं त्यांनी ठरवलं. देशात तोवर कुणी असं उपकरण बनवलेलं नव्हतं. ते बनवायचं शिक्षण देणारी जागा नव्हती, चाचणीची यंत्रंही नव्हती. त्रावणकोर राजघराण्याच्या पूजापुरा इथल्या सॅटेलमंड राजवाड्यात संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग उभा राहिला. तिथे वलियाथन आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे इंजिनिअर अनेक वर्षं एकाच टेबलाभोवती बसले.

त्यांच्या झडपेचे चार अवतार झाले. पहिल्यात टायटॅनियमची कडी आणि प्लॅस्टिकची चकती होती, आणि कडीचे आधार इलेक्ट्रॉन झोताने वेल्ड केलेले होते. चाचणीयंत्रावर वेल्डचा सांधा ठिसूळ होऊन मोडला. तिकडे हाच दोष रुग्णांच्या छातीत उघड झाला. इथे तो यंत्रावर सापडला, माणसापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या अवतारात कडी एकाच ठोकळ्यातून कोरली आणि चकती कृत्रिम नीलमण्याची केली. नीलमणी इतका कठीण की त्याने टायटॅनियमच झिजवून टाकलं. तिसऱ्यात टायटॅनियम काढून हेन्स-25 नावाचा कोबाल्टचा मिश्रधातू घेतला, जो मुळात जास्त तापमान सोसणाऱ्या यंत्रभागांसाठी वापरतात. झीज थांबली, यंत्रावरच्या चाचण्या पार पडल्या, मेंढ्यांवर प्रयोग सुरू झाले, आणि तिथे नीलमण्याची चकती फुटली.

दहा-बारा वर्षांचं काम हातातून निसटल्यासारखं वाटण्याचा हा क्षण. पण प्रत्येक अपयशाने एक दार निश्चितपणे बंद केलं होतं. वेल्ड नको, टायटॅनियम नको, ठिसूळ चकती नको. चौथ्या वेळी कडी हेन्स-25 चीच ठेवली आणि चकतीसाठी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन घेतलं. आपल्या बादल्या आणि पिशव्या ज्या पॉलिएथिलीनच्या, त्याच कुळातलं, पण रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब असलेलं हे प्लॅस्टिक. ही झडप सगळ्या चाचण्यांत उतरली. 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्यांदा माणसाला बसवली. पुढे टीटीके समूहाने तिचं उत्पादन सुरू केलं आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवली गेली आहे. डॉ. वलियाथन 2024 च्या जुलैमध्ये गेले. सुश्रुत आणि चरकावर त्यांनी लिहिलेले ग्रंथ बरेच लोक वाचतात. या झडपेच्या तीन अपयशांचा वृत्तान्तही तितक्याच आवडीने वाचला जावा असं मला फार वाटतं.

या प्लॅस्टिकची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये विगनजवळ राइटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. तिथे जॉन चार्नली हे अस्थिशल्यविशारद खुब्याचा कृत्रिम सांधा बनवत होते. त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं, कारण ते सर्वांत निसरडं. सुमारे 300 रुग्णांना ते सांधे बसवले आणि काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याच्या भुकटीने आसपासचं हाड खराब होऊ लागलं. एकेका रुग्णाचा सांधा त्यांना पुन्हा उघडावा लागला.

1962 मध्ये एक विक्रेता रुग्णालयात आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांची दातेरी चक्रं ज्या नव्या प्लॅस्टिकची करत, त्याचे तुकडे तो दाखवत होता. चार्नलींनी नखाने टोकरून बघितलं आणि त्यात काही दम नाही म्हणून सोडून दिलं. त्यांच्या कार्यशाळेतला तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मात्र थांबला नाही. चार्नली परदेशी गेलेले असताना त्याने तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. तीन आठवड्यांत ते प्लॅस्टिक जेवढं झिजलं, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे. परत आल्यावर चार्नलींनी आकडे बघितले आणि आपलं मत बदललं. शरीराची प्रतिक्रिया तपासायला त्यांनी दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून रुग्णांना नव्या वाट्या बसू लागल्या. गुडघ्याची वाटी बदलण्याचं ऑपरेशन आता गावोगावच्या घरांत ऐकू येतं. त्या गुडघ्यातलं प्लॅस्टिक याच कुळातलं आहे. माग चालवणाऱ्या कारखान्यातून ते खुब्यात आलं, तिथून गुडघ्यात, आणि तिरुअनंतपुरममध्ये हृदयात.

क्रेव्हनला कुणी कन्सल्टंट म्हटलं नसेल. त्याने केलं ते मात्र अगदी त्याच कामाचं सार आहे. मोठ्या माणसाचं मत बाजूला ठेवून वस्तू यंत्रावर चढवायची आणि मोजायची.

आजचे सल्लागार हे काम सुरुवातीपासून, कागदावर मांडून करतात. नवं उपकरण घेऊन चारपाच तरुणांची कंपनी उभी राहते तेव्हा तिच्याकडे कल्पना असते, थोडं भांडवल असतं, आणि बहुतेक विषयांतला जाणकार नसतो. धातू, प्लॅस्टिक, विषशास्त्र, निर्जंतुकीकरण, सॉफ्टवेअर, कायदा अशा प्रत्येक विषयासाठी माणूस नोकरीवर ठेवणं परवडत नाही. म्हणून काही महिन्यांसाठी तो बाहेरून आणतात. त्याचा पहिला प्रश्न सहसा यंत्र कसं चालतं हा नसतो. यातला कोणता भाग बिघडेल, बिघडला तर रुग्णाला काय होईल, आणि ते कुणाच्या लक्षात कसं येईल, असे प्रश्न तो एकेका स्क्रूबद्दल, एकेका तारेबद्दल विचारतो. उत्तरांची एक जाडजूड फाईल होते. धोके ओळखण्याच्या या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि परवाना देणारे अधिकारी ही फाईल बघतातच. तरुण मंडळी सुरुवातीला तिच्यावर वैतागतात. ब्यर्क-शायलीची गोष्ट माहीत असलेला माणूस वैतागत नाही.

या मंडळींचं ज्ञान किती अनपेक्षित ठिकाणी लागतं, याचं एक उदाहरण वेष्टनाचं. निर्जंतुक केलेली झडप ज्या पाकिटात असते ते पाच वर्षं हवाबंद राहील का? पाच वर्षं थांबून बघणं शक्य नाही. तापमान दर 10 अंशांनी वाढवलं की पदार्थाचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, असा एक संकेत रसायनशास्त्रातून घेतलेला आहे. खोलीतल्या 25 अंशांऐवजी पाकीट 55 अंशांत ठेवलं, तर वय आठपट वेगाने वाढतं आणि एक वर्ष 46 दिवसांत उरकतं. खोलीतलं पाकीट समांतर ठेवून खरा काळही मोजत राहतात, कारण संकेत तो संकेतच.

निर्जंतुकीकरण तर स्वतंत्र विश्व आहे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या आयसोमेड प्रकल्पात 1974 मध्ये कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करायला सुरुवात झाली. सीलबंद खोकी किरणांसमोरून जातात आणि वेष्टन न उघडता आतले जंतू मरतात. पण तेच किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्याही तोडतात. सांध्यांमध्ये वापरलेलं पॉलिएथिलीन हवेच्या सान्निध्यात गॅमाने निर्जंतुक केलं की ते पुढे ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होत जातं, हे कळायला वैद्यकविश्वाला बरीच वर्षं लागली. म्हणजे पदार्थ निवडणाऱ्या माणसाने निर्जंतुकीकरण करणाऱ्याशी पहिल्याच महिन्यात बोललं पाहिजे. अनुभवी सल्लागार ही दोन माणसं एका खोलीत आणतो. कधीकधी त्याच्या सगळ्या मानधनाचं मोल त्या एका बैठकीत वसूल होतं.

आणि उपकरण न मोडताही माणूस मरू शकतो. शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे 2005 ते 2009 या पाच वर्षांत सुमारे 56,000 तक्रारी आल्या. काही पंपांत बटण एकदा दाबलं तर यंत्र ते अनेकदा दाबल्यासारखं धरायचं, आणि तासाला 10 मिलिलिटरऐवजी 100 मिलिलिटरचा आकडा बसण्याचा धोका असायचा. इथे जाणकार लागतो तो माणसाच्या वागण्याचा. तो खोट्या वॉर्डमध्ये खऱ्या नर्सना बोलावतो, रात्रपाळीचा गोंगाट उभा करतो आणि काही न बोलता बघत राहतो. बोट कुठे अडखळलं, कोणता इशारा ऐकूनही दुर्लक्षित झाला, हे तो टिपतो. चूक नर्सची होती, असं तो कधीच लिहीत नाही. त्याच्या लेखी चूक यंत्राची असते. हा दृष्टिकोन मला या सगळ्या व्यवसायातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो.

आपल्याकडे 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांत उपकरणं धोक्याच्या चढत्या क्रमाने चार वर्गांत मांडली आहेत आणि हृदयाची झडप सर्वांत वरच्या वर्गात आहे. महाराष्ट्रात या कामाला एक जागाही मिळाली आहे. आयआयटी मुंबईत 2014 मध्ये बेटिक हे केंद्र राज्य सरकारच्या मदतीने सुरू झालं, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत त्याच्या शाखा निघाल्या. तिथे डॉक्टर, इंजिनिअर आणि उत्पादनाची रचना करणारे एकत्र बसून उपकरणं घडवतात. ते केंद्र ज्यांनी उभं केलं त्या प्रा. बी. रवी यांचा मूळ विषय धातूचं ओतकाम. फाउंड्रीतल्या साच्यात धातू गोठताना पोकळी कुठे राहते, याचा अभ्यास करणारा माणूस वैद्यकीय उपकरणांकडे वळला, हे ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. एडवर्ड्‌स, बोक्रोस आणि भुवनेश्वर यांच्या रांगेत तो माणूस चपखल बसतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत, इचलकरंजीच्या मागांवर, पिंपरी-चिंचवडच्या लेथवर पदार्थांचं असं ज्ञान असणारी किती माणसं असतील! त्यांच्यापर्यंत रुग्णालयातला प्रश्न पोचवायची वाट अजून फार अरुंद आहे, आणि ती रुंद करणं हे सरकार, कॉलेजं आणि डॉक्टर या तिघांचंही काम आहे.

शेवटी वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. ब्यर्क-शायलीची झडप बाजारातून काढून घेतली तेव्हा सर्वांत अवघड काम होतं ती कुणाच्या छातीत आहे हे शोधण्याचं. शरीरात कायमची बसवलेली अशी उपकरणं कुणाकडे गेली याचा माग ठेवण्याची तरतूद अमेरिकेने 1990 च्या कायद्यात केली. झडप, पेसमेकर, स्टेंट किंवा सांधा बसवल्यावर रुग्णालयातून एक कार्ड किंवा स्टिकर मिळतं. त्यावर मॉडेलचं नाव आणि क्रमांक असतो. उद्या काही दोष आढळला तर तो क्रमांक थेट त्या तुकडीच्या धातूपर्यंत आणि चाचण्यांच्या नोंदींपर्यंत नेतो. घरात कुणाला असं उपकरण बसवलेलं असेल तर ते कार्ड आज फाईलमधून काढा, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड रुग्णाच्या पाकिटात असू द्या. कार्ड मिळालंच नसेल, तर रुग्णालयात जाऊन मागून घ्या.